प्राध्यापक व्हा, सोप्या पायऱ्यांनी

अभिनंदन! तुमची पीएचडी होऊन बरीच वर्षं झाली. पहिला पोस्टडॉक जर्मनीत झाला, दुसरा अमेरिकेत चालू आहे, आणि आता तुम्हाला भारतात परत येऊन प्राध्यापक व्हायचंय. कारण आम्ही विचारणार नाही. कारणं सगळ्यांची सारखीच असतात: आईचे गुडघे, जे-वन व्हिसाची संपत आलेली पाच वर्षं, आणि आपल्या भाषेत विद्यार्थ्यांवर ओरडता यावं ही सुप्त इच्छा.

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याने बीएस्सीनंतर बारा-पंधरा वर्षं विज्ञानात घालवली, पण ज्याचा अजून एकदाही आवक-जावक विभागाशी संबंध आलेला नाही, असा माणूस. विज्ञान तुम्हाला येतं हे आम्ही गृहीत धरतो. त्याचा पुढे फारसा उल्लेख येणार नाही, कारण निवडप्रक्रियेतही तो फारसा येत नाही.

१. जन्मतारीख तपासा

सुरुवात प्रयोगवहीपासून करू नका, शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून करा. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपला सर्वसाधारण उमेदवाराचं वय २७ ते ३२ लागतं. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत, म्हणजे आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्येही, सायंटिस्टच्या सुरुवातीच्या पदाला ३२ ची मर्यादा. आयआयटीच्या जाहिरातींत 'शक्यतो ३५ च्या आत'. रामानुजन फेलोशिपला चाळिशीपर्यंत चालतं, पण तो पाच वर्षांचा पाहुणचार आहे. घरजावई करून घ्यायचं की नाही ते संस्था सवडीने ठरवते.

आता हिशेब मांडा. बारावी अठराव्या वर्षी, एमएस्सी तेविसाव्या, पीएचडी एकोणतिसाव्या (गाइड भला असेल तर अठ्ठाविसाव्या), पहिला पोस्टडॉक संपता संपता बत्तीस. त्या पोस्टडॉकचा पेपर तुम्ही जर्नलकडे पाठवला तेव्हा तुम्ही पात्र होता. दुसऱ्या रिव्ह्यूअरने उंदरांवरचा आणखी एक प्रयोग मागितला, आणि उंदीर मोठे होईपर्यंत तुम्हीही झालात. मागच्या पिढीतल्या कित्येकांना शाळेत गुरुजींनी दाखल्यावर सरसकट १ जून लावून एखाद-दुसरं वर्ष मिळवून दिलं होतं. तुमच्याकडे मात्र नगरपालिकेचा जन्मदाखला आहे. आईवडिलांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना माफ करा.

२. जाहिरात वाचायला शिका

'रोलिंग' जाहिरात असेल तर ती वर्षभर उघडी असते. याचा अर्थ अर्ज कधीही करता येतो आणि कोणीही तो कधीही वाचू शकतं. कधीतरी वाचलाच पाहिजे असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. 'शैक्षणिक वाटचाल सर्वत्र उत्तम' याचा अर्थ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली होती ती आता अडचणीची ठरणार. 'अमुक उपविषयातल्या उमेदवारास प्राधान्य' असं असेल आणि तो उपविषय जगात फक्त चौघांना येत असेल, तर त्या चौघांपैकी आधीपासून संस्थेत वावरणारा कोण ते शोधून काढा आणि त्याला शुभेच्छा द्या.

राज्यातल्या विद्यापीठांच्या जाहिरातीला बिंदूनामावली, शासनाची परवानगी आणि वित्त विभागाची मान्यता या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात लागतात. असा योग आला आणि त्यात आचारसंहिता लागली नाही, तरच अर्ज भरा. राखीव जागेवर अर्ज करणार असाल तर आणखी एक शब्दप्रयोग ओळखीचा करून घ्या: 'योग्य उमेदवार आढळला नाही'. परदेशातल्या दोन नामांकित लॅबना आढळलेला उमेदवार समितीला का आढळत नाही, हा दृष्टिदोषाचा विषय आहे आणि त्यावर प्रस्ताव पाठवायला हरकत नाही. मंजूर होणार नाही.

३. सीव्ही ठोकून बसवा

सॅन फ्रान्सिस्कोला २०१२ साली वैज्ञानिकांनी 'डोरा' नावाचा जाहीरनामा तयार केला. माणसाला नोकरी देताना त्याचा पेपर कुठल्या जर्नलमध्ये आला हे पाहू नका, पेपरात काय आहे ते पाहा, असं त्यात सांगितलंय. हा जाहीरनामा पाठ करा, मुलाखतीत त्याचा आदराने उल्लेख करा, आणि सीव्हीत प्रत्येक पेपरपुढे इम्पॅक्ट फॅक्टर ठळक अक्षरांत टाका. पूर्वी तो तीन दशांश स्थळांपर्यंत मिळायचा. २०२३ पासून एकाच दशांश स्थळापर्यंत छापतात, त्यामुळे सहस्रांशाने पुढे असलेल्या अनेकांचं नुकसान झालंय.

पीटर हिग्ज २०१३ साली नोबेल घ्यायला निघाले असताना म्हणाले होते की, आजच्या काळात आपल्याला कुठल्याच विद्यापीठाने नोकरी दिली नसती, कारण आपण पुरेसे पेपर छापत नाही. हे उदाहरण मुलाखतीत देऊ नका. हिग्ज यांच्या नावाचा एक कण होता. तुमच्या नावाचा काय आहे?

४. शिफारसपत्रं मिळवा

हा सगळ्यांत नाजूक भाग आहे, तेव्हा पाणी पिऊन बसा.

किमान तीन पत्रं लागतात. पहिलं पीएचडीच्या गाइडचं. सर मेलला चार तासांत उत्तर देतील: 'नक्की. तूच ड्राफ्ट करून पाठव, मी बघून सही करतो.' म्हणजे आता रात्री दोन वाजता, ह्यूस्टनच्या एका खोलीत बसून, तुम्हाला स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहायचंय की ही व्यक्ती विलक्षण आहे. संकोच सोडा. 'माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीतल्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांपैकी' हे वाक्य चालतं. सर 'बघून' सही करताना पाचाचे दहा करतील. ते मनावर घेऊ नका, त्यांच्याकडे त्या वर्षी असे बरेच ड्राफ्ट आलेले असतात.

दुसरं पत्र जर्मन प्राध्यापकाचं. ते ड्राफ्ट मागत नाहीत, स्वतः लिहितात, आणि धोका तिथेच आहे. 'डॉक्टरांनी नेमून दिलेलं काम व्यवस्थित पूर्ण केलं' हे त्यांच्याकडचं आभाळाला टेकणारं कौतुक असतं. आपल्याकडची समिती ते वाचून 'मुलगा बरा दिसतो' असं म्हणून पान उलटते. तिसरं पत्र अमेरिकन बॉसचं, ज्यात लॅबमधला प्रत्येक जण पिढीतला सर्वोत्तम असतो. समिती तेही तितक्याच शांतपणे उलटते. दोन्ही पत्रांची सरासरी काढून वाचण्याची पद्धत अजून कुठल्या समितीने स्वीकारलेली नाही.

या तिसऱ्या पत्राआधी मात्र बॉसशी एक बोलणं उरकावं लागतं. विषय असा की, तुम्ही ज्यावर चार वर्षं काम केलंत तो प्रोजेक्ट नक्की कुणाचा? कल्पना तुमची होती, हे तुम्हाला आठवतंय. ग्रँट बॉसची होती, हे बॉसला आठवतंय. भारतात गेल्यावर हाच विषय पुढे न्यायचा तुमचा विचार आहे. नेमका तोच विचार नुकत्याच आलेल्या नव्या पोस्टडॉकच्या बाबतीत बॉसचाही आहे. बोलणं सुरू करण्याची योग्य वेळ म्हणजे पेपर स्वीकारला गेल्यानंतर आणि शिफारसपत्र पाठवण्याआधी. ही फट साधारण एका दुपारची असते. या बोलण्यात आवाज चढवू नका, न्याय मागू नका. 'मी माशांवर करतो, तुम्ही उंदरांवर करा' अशी वाटणी सुचवा. वडिलोपार्जित जमिनीचे दावे पाहिलेल्या घरातली मुलं या टप्प्यावर सरस ठरतात, असा आमचा अनुभव आहे.

५. पाच वर्षांचा प्रस्ताव लिहा

प्रस्ताव संपूर्ण नवा हवा, पण तो यशस्वी होणार याचा पुरावा आधीच हवा. तो गाइडच्या कामापेक्षा वेगळा हवा, पण त्याचे प्राथमिक निष्कर्ष तुमच्याकडे तयार हवेत. ते तुम्ही गाइडच्याच लॅबमध्ये, गाइडच्याच पैशांत, गाइडला न सांगता काढलेले असावेत. तो महत्त्वाकांक्षी हवा, पण त्याला उपकरण लागता कामा नये. समजा उपकरण लागलंच, तर ते संस्थेत आधीपासून असलेलं हवं. आणि असलंच, तर ते चालू आहे का ते विचारू नका, कारण भेटीच्या दिवशी संचालकांसमोर हा प्रश्न फार उद्धट वाटतो.

राष्ट्रीय गरजांशी सांगड घालायला विसरू नका. समजा तुम्ही फळमाशीच्या झोपेवर काम करता. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा माशीला ज्वारी खायला घाला. त्याच वर्षी केंद्राने सहा हजार कोटी रुपयांहून मोठं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात माशीच्या मेंदूत क्वांटम परिणाम संभवतात असं सूचित करा. संभवतात का, हे अजून कुणी तिला विचारलेलं नाही. 'एआय' शीर्षकातच घ्या.

६. अर्ज भरा आणि गुण मोजा

ऑनलाइन अर्ज भरा. मग त्याची छापील प्रत काढा, प्रत्येक पानावर सही करा, दहावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडा आणि असे पाच संच स्पीड पोस्टाने पाठवा. तुम्ही हायडेलबर्गमध्ये असलात तरी स्पीड पोस्टानेच. नाशिकचे वडील हे काम करतील. निवृत्त माणसाला त्यामुळे ध्येय मिळतं. परदेशातून पीएचडी केली असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र लागेल. ऑक्सफर्डची पदवी ही खरोखर पदवी आहे का, याची एकदा खातरजमा करून घेतलेली बरी असते.

विद्यापीठासाठी अर्ज करत असाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला छाननीचा तक्ता भिंतीवर लावा. आम्हाला तो फार आवडतो. बीएस्सीला ८० टक्क्यांच्या वर असाल तर १५ गुण. एमएस्सीला तसेच असाल तर २५. पीएचडीचे ३०. नेट आणि जेआरएफ असेल तर ७. पोस्टडॉकच्या दर वर्षाला २, पण पाच वर्षांपुढचं वर्ष हिशेबात नाही. ते तुम्ही हौस म्हणून केलं. आणि आजवरच्या सगळ्या पेपरांचे मिळून जास्तीत जास्त १०.

सगळ्या पेपरांचे १०, आणि बीएस्सीचे १५. तुम्ही एकविसाव्या वर्षी ऑप्टिक्सच्या पेपरात जे पाठ करून लिहिलंत, ते त्यानंतरच्या तुमच्या सर्व शोधांपेक्षा दीडपट मोलाचं होतं. कॉलेजांसाठी वेगळा तक्ता आहे. त्यात पेपरांची कमाल ६ वर येते आणि बीएस्सी २१ वर जाते, म्हणजे शोधांपेक्षा साडेतीनपट. शिवाय दोन्ही तक्त्यांत दर पेपरला सरसकट २ गुण. पाच वर्षं झिजून नेचरमध्ये एक पेपर आणलात, २ गुण. तुमच्या वर्गमित्राने यूजीसीच्या यादीतल्या पाच नियतकालिकांत पाच पेपर दिले, विद्यापीठाच्या तक्त्यात १० गुण, आणि तो चारला घरी जातो. त्यातही एक गंमत अशी की २०१८ सालीच यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मित्राची पाच त्यात नव्हती, कारण मित्र हुशार आहे.

खिन्न होऊ नका. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत. मुलाखतीच्या दारात ते पुसले जातात आणि निवड केवळ मुलाखतीवर होते, असं त्याच नियमावलीत लिहिलंय.

७. डिसेंबरचा दौरा आखा

परदेशस्थ पोस्टडॉक डिसेंबरात भावंडांच्या लग्नाला येतात आणि येताना सोबत एक तासाचा सेमिनार घेऊन येतात. पुण्यात आयसर आणि एनसीएल पाषाणला शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा सकाळी एक आणि दुपारी एक असं उरकता येतं. मुंबईत टीआयएफआरला गेलात तर नेव्हीनगरच्या कँटीनमधून समुद्राकडे जास्त वेळ पाहू नका. तिथे बसून वास्तववादी निर्णय घेतलेला माणूस आमच्या पाहण्यात नाही.

सेमिनारनंतर प्रश्न येतील. पहिल्या रांगेतले ज्येष्ठ सर सांगतील की हे त्यांनी १९८७ सालीच केलं होतं. त्यांचे आभार माना. दुसरा प्रश्न, 'पण तुम्हाला परत का यायचंय?' इथे गुडघ्यांचा उल्लेख करू नका, आणि देशभक्तीचाही बेताने करा, कारण विचारणारा स्वतः कधी गेलाच नव्हता किंवा गेला होता आणि पस्तावतोय. 'इथली वैज्ञानिक परिसंस्था मला खुणावते' असं म्हणा. याचा अर्थ काय ते कुणी विचारत नाही.

स्त्री उमेदवारांसाठी वेगळी सूचना. आयआयटीच्या जाहिरातीत तुम्हाला वयात सवलत मिळते. ती एका हाताने देऊन झाल्यावर पॅनल दुसऱ्या हाताने चष्मा सरळ करतं आणि विचारतं, 'मिस्टर काय करतात?' मिस्टरही शास्त्रज्ञ असतील तर प्रकरण गंभीर आहे: दोघांना एकाच शहरात जागा हवी म्हणजे ही मागणी झाली. मिस्टर शास्त्रज्ञ नसतील तर 'मग ते इकडे येतील का?' मिस्टरच नसतील तर 'अजून?' मुलं लहान असली तर लॅब कशी सांभाळणार, मोठी असली तर त्यांच्या शाळेचं काय. तुमच्या आधी आत गेलेल्या पुरुष उमेदवाराला जुळी मुलं आहेत. त्याला याविषयी काही विचारलं नाही, कारण त्याच्या खासगी आयुष्याचा समितीला आदर आहे.

८. मुलाखतीला हजर व्हा

सकाळी साडेनऊला बोलावतील, साडेचारला आत घेतील. मधल्या वेळात इतर उमेदवारांशी गप्पा मारा. त्यातला एक बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय आणि अभ्यासक्रम, इमारत, चहावाला या सगळ्यांविषयी त्याला समितीपेक्षा जास्त कळतं. त्याची निवड होणार नाही. तुमचीही बहुधा नाही, पण तुमच्या परतीच्या विमानाचे पैसे बुडतात आणि त्याच्या एसटीचे, एवढा फरक आहे.

आत दहा मिनिटं मिळतात. तीन मिनिटं कागद शोधण्यात जातात. मग बीएस्सीचा प्रश्न येतो, आणि तुम्ही चार वर्षं ज्याच्यावर संशोधन केलंत त्याच्याच व्याख्येत अडखळता, कारण ती आता तितकीशी खरी नाही हे तुम्हाला माहीत झालंय. ही माहिती स्वतःजवळ ठेवा. पुस्तकातली व्याख्या सांगा.

काही खासगी अनुदानित संस्थांत शेवटचा प्रश्न बाहेर, गाडीजवळ विचारला जातो. तो आकड्यात असतो. पावती मागू नका.

९. वाट पाहा

या पायरीसाठी कौशल्य लागत नाही. स्मरणपत्र दर तीन महिन्यांनी पाठवा, भाषा उत्तरोत्तर नम्र करत जा. नातेवाइकांनी 'अजून शिकतोच आहेस का' विचारलं तर 'हो' म्हणा, लवकर सुटाल.

मन फारच खट्टू झालं तर हरगोविंद खुराणा यांचं स्मरण करा. लिव्हरपूलची पीएचडी आणि झुरिकचा पोस्टडॉक आटोपून ते १९४९ साली भारतात परत आले. नोकरी मिळाली नाही. ते पुन्हा इंग्लंडला गेले, तिथून कॅनडा, तिथून अमेरिका. १९६८ साली जनुकीय संकेताच्या कामाबद्दल नोबेल मिळालं आणि त्यानंतर वर्षभरात भारताने त्यांना पद्मविभूषण दिलं. म्हणजे वाट मळलेली आहे: आधी इथे नोकरी न मिळणं, मग नोबेल, मग पद्मविभूषण. यातली पहिली पायरी तुम्ही कुणाच्याही मदतीशिवाय गाठू शकता.

१०. रुजू व्हा

क्वचित कुणाची निवड होते. तुमची झाली असेल तर पेढे वाटून लगेच आस्थापना विभागात जा. सिव्हिल सर्जनचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला आणि आठ पासपोर्ट फोटो सोबत ठेवा. लॅबची खोली कुठे आहे हे आज विचारू नका. तिथे सध्या जुनी टेबलं आहेत आणि ती निर्लेखित झाल्याशिवाय हलवता येत नाहीत.

खरं काम वेतननिश्चितीचं. पोस्टडॉकची वर्षं अनुभवात धरायची तर अनुभवाचा दाखला लागतो. तुम्ही तो अभिमानाने पुढे कराल: प्रख्यात जर्मन संस्थेचं लेटरहेड, खाली जगप्रसिद्ध प्राध्यापकाची सही. टेबलापलीकडचे भाऊसाहेब तो कागद उजेडात धरतील, मागून बघतील आणि विचारतील, 'याच्यावर जावक क्रमांक कुठाय?' जर्मनीत जावक क्रमांक नसतो असं सांगू नका; एवढा पुढारलेला देश, असं कसं होईल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय गोल शिक्का नाही, पदनाम आहे पण वेतनश्रेणी नाही, आणि सही निळ्या शाईची असली तरी ती स्कॅन केलेली वाटते.

तेव्हा परदेशातली लॅब सोडताना चॉकलेटं नंतर घ्या. आधी बॉसला गाठा, एक जावक नोंदवही उघडायला लावा, पहिला क्रमांक स्वतःच्या दाखल्यावर घ्या आणि संस्थेच्या नावाचा गोल शिक्का त्यांच्याकडूनच बनवून घ्या. शाई जांभळी चालते. निळीबद्दल आस्थापना विभागात दोन मतं आहेत.